आठ दिवसांचं पाणी

सातारा परिसर,
छत्रपती संभाजीनगर
१९ एप्रिल २०२४

ती. माईवन्सं,
सा. न.

आम्ही इथं ठीक. फुलंब्रीला तुमच्या बोअरला पाणी आहे का? इथं नळ आठ दिवसांनी येतो. समोर आणखी एक बारा मजली इमारत उठली आहे, तिचे टँकर पहाटेपासून रस्ता अडवतात. पूर्वी गच्चीवरून डोंगर दिसायचा, आता परक्यांच्या चादरी दिसतात.

सावनीची बारावी संपली म्हणून पुढच्या रविवारी आम्ही तारकर्लीला निघतोय. हॉटेल, बोट, स्कूबा डायव्हिंग, सगळं तुमच्या धाकट्या भावानंच ठरवलंय. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून बापलेक समुद्राच्या तळाशी मासे बघणार आणि मी किनाऱ्यावर चपला सांभाळणार! पाण्यातला चष्मा आत्ताच आणून ठेवलाय. परवा हे तो लावूनच जेवायला बसले. सावनी हसून हसून लोळली.

वन्सं, मला हसू येत नाही.

मागच्या रविवारी नळ आला. मोठं पिंप काठोकाठ भरलं. श्वास रोखायचा सराव म्हणून ह्यांनी त्यात डोकं घातलं. मी कोथिंबीर निवडत होते. मान वर करते तो ह्यांचे पाय थडथडत होते. कॉलर धरून मागे ओढलं, त्यासरशी पिंपही आडवं झालं. आठ दिवसांचं पाणी जिन्यावरून खाली गेलं.

सावनी धावत आली तोवर हे उठून बसले होते. म्हणाले, "तुझ्या आईचा धक्का लागला." भांडी घासायला आलेली मनकर्णाबाई डोक्याला हात लावून म्हणाली, "असं कसं वो केलं वैनी? आता आठ दिस काय करायचं?" सावनी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी सगळं ऐकून घेतलं.

ह्यांना फिट येते, वन्सं. दिवाळीपासूनची ही तिसरी. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही, पाण्यात उतरायचं नाही, असं बजावलंय. चितेगावच्या कारखान्यात कळलं तर मशीनवरून काढतील, म्हणून पहिल्याच वेळी झोपलेल्या सावनीच्या डोक्यावर माझा हात ठेवून ह्यांनी शपथ घ्यायला लावली, हे कुणापाशी तोंडातून काढणार नाही म्हणून.

पाण्यात उतरण्याआधी तिथली माणसं आजारपण विचारतात म्हणे. हे "काही नाही" सांगणार. मी रडले, पाया पडले. "पोरीला शब्द दिलाय उमा, एकदाच," एवढंच म्हणतात.

मी बोलले तर सावनीच्या डोक्यावरची शपथ मोडते, आणि तीही त्याच पाण्यात उतरणार आहे. गप्प बसले तर हे जातील. शिकल्या-सवरलेल्या बाईनं असलं मानू नये, कळतं मला. पण पोर माझी आहे. माझी जीभच उचलत नाही.

म्हणून फोन न करता लिहितेय. तोंडातून मी काहीच काढलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तुम्ही आजारी पडा, वन्सं. छातीत कळ येते म्हणा, काहीही म्हणा. तुमच्यासाठी हे जेवत्या ताटावरून उठून येतील. माझ्यासाठी नाही थांबले, तुमच्यासाठी थांबतील.

पत्र मनकर्णाबाईच्या हाती पाठवते, ती उद्या फुलंब्रीला माहेरी येतेय. लिहिणंही बोलण्यातच धरत असतील, तर व्हायचं ते माझं होवो, सावनीचं नको.

तुमची,
उमा