चुकीची जन्मतारीख

१२ सप्टेंबर

ती. वन्सं यांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मुद्दाम तुमच्या शाळेत पाठवतेय. घरी आलं असतं तर तुमच्या हाती लागलंच नसतं. मधल्या सुट्टीत, एकट्या असताना वाचा.

तुमचा गुडघा कसा आहे? वरच्या मजल्यावरचा वर्ग या वर्षी तरी दुसऱ्या कुणा बाईंना दिला का? माझं चष्म्याच्या दुकानातलं काम चालू आहे. आता मी काउंटरवर नसते, मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवते. मशीन सारखं घुरघुरत असतं, त्यामुळे कुणाशी बोलावं लागत नाही. सध्या ते बरं पडतं. घरमालकीणबाई जीव लावतात. ताट आणून ठेवतात आणि मी जेवले का ते बघायला परत येतात.

ठकीच्या चष्म्याची डावी काडी सैल झाली आहे. वाकून लिहायला लागली की चष्मा नाकावर येतो आणि ती तशीच वरून बघते. तेवढा स्क्रू आवळा, पण फार नको. दूध प्यायले म्हणाली तरी पेला बघत जा, कुंडीत ओतते. अंधारात झोपायची सवय तिला अजून नाही.

ती तिकडे, तुमच्याजवळ आहे, हे लिहायला मला इतक्या ओळी लागल्या.

आता मुद्द्याचं लिहिते. तुमच्या भावाला आमचा ठिकाणा कसा लागला, हे त्याने तुम्हाला काय सांगितलं असेल ते असो. मला ते बँकेत कळलं. दोन वर्षांपूर्वी घर सोडलं तेव्हा मी पहिलं काम केलं ते बँकेत नवा फोन नंबर आणि नवा पत्ता देण्याचं. त्याला काही कळायला नको म्हणून. या उन्हाळ्यात बँकेचे मेसेज यायचे बंद झाले. मला वाटलं, फोन जुना झालाय. मग नवीन कार्ड यायचं होतं तेही आलं नाही. शेवटी रजा टाकून बँकेत गेले.

खिडकीतल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये नाव घातलं आणि म्हणाली, "कार्ड तर कधीच पोचलंय तुम्हाला." पत्ता वाचून दाखवला. तुमचा पत्ता. नंबर वाचला, तो तुमच्या भावाचा.

"हे कुणी बदललं?"

"तुम्हीच की, मॅडम. तुम्ही फोन केला होता."

मी म्हटलं, मी असा फोन केलेला नाही. ती मला मॅनेजरकडे घेऊन गेली. त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "नंबर कोणाचा आहे हा?" मी म्हटलं, "नवऱ्याचा." तर हसले. "अहो, मग घरातच आहे की! कशाला घाबरताय?"

मी काय सांगणार होते त्यांना? बाहेर लोक रांगेत उभे होते. एवढंच म्हटलं की आत्ताच्या आत्ता माझा नंबर परत लावा. मुलीने काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "आता नोंदवलेल्या नंबरवर एक कोड जाईल, तो सांगा."

नोंदवलेल्या नंबरवर. म्हणजे त्याच्याच फोनवर! "थांबा, पाठवू नका" म्हणेपर्यंत कोड गेला होता.

वन्सं, चार महिने माझ्या प्रत्येक खर्चाचा मेसेज त्याच्याकडे जात होता. औषधाचं दुकान, भाजीचं दुकान, ठकीच्या शाळेची फी. शाळेचं नाव त्याच्याकडे जूनपासून होतं. मला सुगावा लागेपर्यंत तो गप्प बसून होता. कोड आला आणि त्याला कळलं की मला कळलंय. मी बँकेतून धावत शाळेत गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, "आत्ताच बाबा घेऊन गेले. ओळखपत्र दाखवलं त्यांनी." पोलीस म्हणाले, बापाने नेलं त्याला पळवणं कसं म्हणायचं.

इथवरचं थोडंफार तुम्हाला माहीत असेल. पुढचं नाही.

माझ्या वकीलबाईंनी बँकेच्या मोठ्या ऑफिसकडे तक्रार केली. तिथल्या साहेबांनी आम्हाला बोलावलं, काचेच्या दाराच्या एका लहानशा खोलीत बसवलं आणि म्हणाले, "आमच्याकडे सगळे फोन रेकॉर्ड होतात. तुमचाच आवाज ऐका." आणि लावलं.

पहिल्या 'हॅलो'लाच मी ओळखलं.

बोलण्याआधी तुम्ही घसा साफ करता ना, वर्गात शिरताना करता तसा, तो केलात. मग माझं नाव सांगितलंत, माझं म्हणून. आईचं माहेरचं नाव विचारलं, ते सांगितलंत. माझ्या आईबद्दल त्या घरात मी फक्त तुमच्याशी बोलायचे. गच्चीवर कपडे वाळत घालताना. मी टेबलाची कड धरून बसले. वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या.

मग बँकेच्या मुलीने जन्मतारीख विचारली.

तुम्ही थांबलात. मागून त्याचा आवाज आला, "सांग ना." आणि तुम्ही भलतीच तारीख सांगितलीत. महिनाही भलताच. मुलगी म्हणाली, "मॅडम, जुळत नाहीये, परत सांगता का?" तुम्ही आणखी एक चुकीची सांगितलीत. तुम्ही, वन्सं! त्या घरात माझा वाढदिवस तुम्हा एकट्यांच्याच लक्षात असायचा. पहाटे उशाशी काहीतरी ठेवून शाळेत निघून जायचात. तुमच्या भावाला ती तारीख कधीच ठाऊक नव्हती, म्हणून त्या क्षणी तुम्ही चुकताय हेही त्याला कळलं नाही.

ती मुलगी जराशी घुटमळली. मग म्हणाली, "साल बरोबर आहे. असू दे, होतं असं कधीकधी. करते मी बदल." तुम्ही फोन ठेवून दिलात. आभारही मानले नाहीत.

साहेबांनी बटण दाबून बंद केलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी बहुधा आधी पूर्ण ऐकलंच नव्हतं. मी म्हटलं, "हा आवाज माझा नाही." वकीलबाईंनी विचारलं, "मग कुणाचा?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

असं का म्हणाले ते माझं मलाही नीट सांगता येत नाही. नवऱ्यामागे तुम्ही भावाच्या आसऱ्याला आलात, तुम्हाला दुसरं घर नाही. शाळेत हे कळलं तर नोकरीवर येईल. माझं मनगट मोडलं तेव्हा दवाखान्यात तुम्हीच नेलंत, आणि पायरीवरून पडली असं डॉक्टरांना सांगितलंतही तुम्हीच. त्याचा राग माझ्या मनात कायम आहे. पण मी पिशवी घेऊन फाटकात उभी होते त्या दुपारी, "जा, मी बघितलं नाही," असंही तुम्हीच म्हणालात. तुम्हाला कुठल्या बाजूला ठेवू, हेच मला कळत नाही.

सोमवारी कोर्टात ठकीच्या ताब्याची तारीख आहे. तो आवाज कुणाचा हे सिद्ध झालं नाही तर बँक म्हणणार, आमची काही चूक नाही, आणि तुमचा भाऊ म्हणणार, ती विसराळू आहे, तिनेच केलं असेल. ठकी तिकडेच राहील. म्हणून सोमवारी मी तुमचं नाव घेणार आहे. त्यात आता बदल नाही. पण मी घेण्याआधी तुम्ही स्वतः उभ्या राहिलात तर फार बरं होईल. नाही आलात तरी एवढं करा, तोपर्यंत ठकीला त्याच्याजवळ एकटीला सोडू नका.

तिला सांगा, आईने विचारलंय.

तुमची,
अजून तरी भावजय


३ नोव्हेंबर

ती. वन्सं यांना नमस्कार.

तुमच्या मैत्रिणीच्या घरी सोय झाली असं वकीलबाईंकडून कळलं. शाळेने तुम्हाला घरी बसवलं तेही कळलं. बँकेचं पत्र मला आलं आहे, 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' फोनवरच्या त्या मुलीला कामावरून काढलं म्हणे. हसणारे मॅनेजर तिथेच आहेत.

त्या दिवशी कोर्टात तुमच्याशी बोलायला मी थांबले नाही. तुम्ही दारात उभ्या होतात, मी पाहिलं होतं. "आवाज माझा आहे, शेजारी माझा भाऊ बसला होता, तारीख मी मुद्दाम चुकवली," हे तुम्ही एका दमात सांगितलंत. मग न्यायाधीशांनी विचारलं, "मग सरळ नाहीच का म्हणाला नाहीत?" आणि तुम्ही म्हणालात, "राहायला दुसरी जागा नव्हती, साहेब." तेव्हा मी खाली बघितलं. तुमच्याकडे बघवेना.

ठकी आली आहे. कोर्टाने माझ्याकडे दिली. शाळेत जाते, पण दाराची बेल वाजली की पलंगाखाली शिरते आणि कितीही बोलावलं तरी लवकर बाहेर येत नाही. बाबांविषयी अवाक्षर काढत नाही. परवा वेणी घालताना आपणहून एवढंच बोलली, "तिकडे आत्या रोज आतून कडी लावून माझ्यापाशी झोपायची. बाबा दार वाजवायचे, तरी नाही उघडायची." मी हातातली वेणी तशीच धरून बसले. काल तिने विचारलं, "आत्याला इकडे बोलवायचं?" मी नाही म्हटलं. तिने का म्हणून विचारलं, तर मी तिचं दप्तर भरायला घेतलं.

वन्सं, तुम्ही खरं बोललात म्हणून माझी मुलगी माझ्याजवळ आहे. आणि ती गेली होती तीही तुमच्या तोंडून माझ्या आईचं नाव बाहेर पडलं म्हणून. या दोन्ही गोष्टी रोज माझ्यासोबत कामावर येतात. कधीतरी एक जड होईल, कुठली ते आज नाही सांगता येत.

परवा तुमचा फोन आला होता, मी उचलला नाही. ते घसा साफ करणं मला इतक्यात ऐकवणार नाही. फोन करू नका. पत्र पाठवा, ठकीच्या नावाने पाठवा. मी तिला वाचून दाखवेन.

आता नात्याने तुमची कुणी नाही, तरी,
ठकीची आई