रद्द झालेली राष्ट्रभाषा
यूयाओ, प्रजासत्ताकाचे एकविसावे वर्ष, अकरावा महिना

तीर्थरूप मामांना वेइछिंगचा वाकून नमस्कार.

तिआनजिनच्या कोरड्या थंडीत तुमचा खोकला आणि मामींचा माझ्यावरचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. फक्त मी शिकवतो ती भाषा सरकारने रद्द केली आहे.

तुम्हाला आठवत असेल, वीस वर्षांपूर्वी राजधानीत विद्वानांची सभा भरली आणि एकेका अक्षराच्या उच्चारावर मतदान झाले. प्रत्येक प्रांताला एक मत. (भाषा अशीच जन्मते, हे आपल्या पूर्वजांना माहीत नव्हते.) कुणाचा सूर राखला, कुणाच्या शब्दांचा तुटक शेवट राखला, कुणालाही दुखवले नाही. अशी सगळ्यांची भाषा तयार झाली. एकाही आईने ती पाळण्याशी वापरली नव्हती, हा किरकोळ भाग. मी ती ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून शिकलो आणि अकरा वर्षे या तालुक्याला शिकवली. तबकडी जिथे खरखरते तिथे माझे विद्यार्थीही खाकरतात, इतकी निष्ठा.

शरदात परीक्षक आले. म्हणाले, आता बेइपिंगचा, त्या जुन्या राजधानीचा, उच्चार तोच देशाचा. येत्या वसंतात शिक्षकांची परीक्षा. नापास होईल त्याची जागा जाईल. मला वाटले, फरक असून असून किती असणार? खात्री करायला सुट्टीत बेइपिंगला गेलो. एका खानावळीत शुद्ध राष्ट्रीय उच्चारात मटणाचे सारण भरलेल्या वाफवलेल्या करंज्या मागितल्या. वाढपी बराच वेळ आदराने ऐकत राहिला, मग आत वळून म्हणाला, "मालक, हे साहेब कोरियाचे दिसतात."

"कोरियाचे कसले," मालक म्हणाला. "मागच्या महिन्यात कोरियाचं गिऱ्हाईक आलं होतं. त्याचं कळत होतं."

मग मी कागदावर लिहून दिले. करंज्या लगेच आल्या. पुढचे चार दिवस मी त्या शहरात उत्तम बोललो, कागदावर.

परत आलो तर मुख्याध्यापक रुआन यांनी माझ्या जागेसाठी माणूस हेरून ठेवलेला. आमच्या शाळेचा शिपाई फू. तो उत्तरेत तीन वर्षे हमाली करून आला आहे. लिहिता येत नाही, पण तो प्रश्न आता मागे पडला. काल मला फाटकातच म्हणाला, "गुरुजी, जीभ एवढी ताठ कशाला धरता? ती काय परेडला उभी आहे?" मी अकरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस, जीभ सैल सोडून पाहिली. त्याने मान हलवली आणि घंटा द्यायला निघून गेला.

मामींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
शेन वेइछिंग

ता. क. तुमचा म्हातारा स्वयंपाकी क्वान बेइपिंगच्या गल्लीत जन्मलेला आहे. दोन महिने माझ्याकडे पाठवावा. गावाला सांगू, मामांनी नूडल्स करायला धाडला आहे. तो लाटेल, मी ऐकेन.

पुन्हा ता. क. एक अट त्याला आधीच सांगावी. माझी धाकटी, यिंगलान, चार वर्षांची झाली. जन्मल्या दिवसापासून मी तिच्याशी फक्त राष्ट्रभाषेत बोललो आहे. ती ही भाषा अशी बोलते, की ठरवणाऱ्या विद्वानांपैकी एकालाही जमली नसती. रात्री भांडते त्याच भाषेत आणि झोपेत बडबडतेही. क्वानने तिच्यासमोर तोंड उघडू नये. रद्द झाल्याचे तिला अजून कुणी सांगितलेले नाही.