इंद्रावतीचा पलीकडचा काठ

प्रिय दिव्या,

नागपूरच्या उन्हात तुझी ड्यूटी कशी चाललीये? इकडे इंद्रावतीचं पाणी उतरलंय आणि माझा डोंगा रोज पाण्यात असतो. जंगलातल्या बंदूकवाल्यांचा धाक सरून पलीकडचा काठ उघडला, हे मीच तुला कळवलं होतं. लहानपणी तिकडे बोट दाखवलं तरी माय आपला हात खाली ओढायची. आता मी मीठ, कापड, कधी लस टोचणाऱ्या सिस्टरबाईंना घेऊन जाते. काही ठिकाणी डोंगा लागला की बायका अजूनही झाडीत पळतात, मग हळूहळू बाहेर येतात.

मागच्या आठवड्यात मोठ्या खडकांच्या पुढे गेले. तिथे मी आधी कधी गेले नव्हते. एक माणूस तापाने फणफणलेली पोर खांद्यावर घेऊन धावत आला, मागे त्याची बायको. तो आपला बाबा होता, इतकी वर्षं बेपत्ता असलेला. केस पिकलेत, पण उजवा खांदा पाडून चालायची सवय तीच. त्यानेही मला ओळखलं. पाण्यातच थबकला. मग बायकोकडे बघून मला म्हणाला, "बाई, या पोरीले दवाखान्यात पोचवता का?"

मला, बाई.

बायको काठावरच राहिली. पोरीला मांडीवर घेऊन तो माझ्यासमोर बसला. काठ दूर गेल्यावर मी विचारलं, "तुले बंदूकवाल्यांनी धरून नेलं होतं ना?" माय मरेपर्यंत हेच सांगायची. तो म्हणाला, "कोनं धरलं? मीच राह्यलो. तुझ्या मायले सांगू नको."

"माय गेली," मी म्हणाले.

त्याने श्वास सोडला. "बरं झालं."

वाटलं, डोंगा उलटवून टाकावा. पण पोर पाणी मागत होती. मी ओंजळीने पाजलं, नाव विचारलं. ती म्हणाली, "दिव्या."

पोर वाचली. सलाईन चालू असताना तिचा हात धरून मीच बसले होते. बाबा बाहेर बिडी ओढत होता. दोघांना परत सोडलं, तेव्हा उतरता उतरता म्हणाला, "पुन्हा इथी डोंगा लावू नको."

तू लिहिलंस, तुझ्या लग्नाआधी येतेस, दोघी मिळून डोंग्याने बाबाला शोधू, मांडवात त्यालाच उभं करू. म्हणून हे लिहिलं. त्यासाठी येऊ नको, बाळा. पत्रिका छापायला देशील तेव्हा मायच्या नावाआधी जे लावशील, तेच त्याच्याही नावाआधी लाव. स्वर्गीय.

तुझीच ताई,
सोमारी