पलंग तपासायचं सॉफ्टवेअर

३ फेब्रुवारी
दवाखान्याच्या पलंगांची ऑर्डर आपल्या कारखान्याला मिळते आहे. डिझाइन सुनेचं. माझ्या सहीशिवाय आजवर एकही ड्रॉइंग वेल्डरकडे गेलेलं नाही. हेही जाणार नाही. वजन टाकल्यावर पलंग कुठे वाकतो ते कॉम्प्युटरवर दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. ते मी स्वतः निवडणार. सून म्हणाली, आई, मी शिकवू का? म्हटलं, तुझ्या जन्माआधी मी इंजिनिअर झाले.

५ फेब्रुवारी
एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सून तेच वापरते. बाद.

९ फेब्रुवारी
दुसरं. म्हणे आधी पलंगाचे बारीक तुकडे पाडा. जितके बारीक तितकं उत्तर अचूक. मी कसर ठेवत नाही. कॉम्प्युटर बंद पडला. बाद.

१२ फेब्रुवारी, दुपार
तिसरं. पाय जमिनीला टेकलेत हे आपण सांगावं लागतं, नाहीतर वजन टाकताच पलंग भलतीकडे निघून जातो. गेला. पलंग जमिनीवर असतो एवढंही ज्याला कळत नाही, ते काय कामाचं? बाद.

१७ फेब्रुवारी
चौथं घेतलं. महाग आहे, पण चित्रं काय स्वच्छ! सुनेच्या पलंगावर शंभर किलोचा रुग्ण निजवला. पलंग झोळीसारखा खाली आला, मधोमध लालभडक. वाईट वाटलं. फार नाही.

१८ फेब्रुवारी
सून माहेरी. चित्र थेट भाऊजींना दाखवलं. कारखाना तेच चालवतात. म्हणाले, वहिनी, नक्की ना? या ऑर्डरवर सगळ्यांचं वर्ष निघणार आहे. म्हटलं, आणि पेशंट खाली आला तर? त्यांनी दवाखान्याला कळवलं, थांबा.

२१ फेब्रुवारी
सून आली. चित्र बघून म्हणाली, आई, कोपऱ्यात तीनशे लिहिलंय ते पाहिलंत? वाकणं डोळ्यांना दिसावं म्हणून ते तीनशेपट करून दाखवतात. खरं वाकणं दोन मिलिमीटरसुद्धा नाही. आणि लाल म्हणजे मोडणार असं नाही. बाकीच्यापेक्षा तिथे ताण जास्त, इतकंच.
असलं फसवं सॉफ्टवेअर मला चालणार नाही. पाचवं बघते.

२४ फेब्रुवारी
दवाखान्याने ऑर्डर दुसरीकडे दिली. तीन वेल्डरना घरी बसवलं. यापुढे ड्रॉइंगवर सुनेची सही, हा निरोप भाऊजींनी यांच्या हाती पाठवला. इतकी वर्षं राबले त्याचं हे.

१० मार्च
कंबर धरली आहे. ऑर्डर परत मिळावी म्हणून सुनेच्या सहीने बनवलेला नमुन्याचा पलंग कारखान्यात अडगळ झाला होता, तो यांनी घरी आणला. सुनेने गादी घातली, चादर ताणून बसवली. म्हणाली, पडा आई. म्हटलं, मोडला तर? म्हणाली, नाही मोडणार.

१७ मार्च
पडून आहे. दोन्ही कुशींवर वळून पाहिलं. घरात कोणी नव्हतं तेव्हा मुद्दाम आदळूनही पाहिलं.
करकरतसुद्धा नाही.