हाताचा गुण

८ नोव्हेंबर, दुपार

प्रिय बबडे,

पोटभर आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग आणि त्यांची कंबर आता कशी आहे ते कळव. लोखंडी कपाट एकट्यानं सरकवायला निघाले होते म्हणे. इकडे आम्ही ठीक. आमच्या लॅबच्या भिंतींना नवा रंग द्यायचा घाट डॉक्टरांनी घातला होता, तो मी हाणून पाडला. रंगाचा वास माणसांना सोसतो, तिथं वाढणाऱ्या गर्भांना सोसत नाही. डॉक्टर तोंड पाडून गेले, पण गेले.

आईचा फोन आला होता. पुढच्या आठवड्यात तुझा गर्भ पिशवीत सोडायचा ठरलाय, हे आमच्या डॉक्टरांकडून मला कळलंच होतं, तरी मी तिच्याकडून नव्यानं ऐकून घेतलं. तू कुठंतरी गोंदाबद्दल वाचलंस तेही कळलं, कारण तिनं मला विचारलं, "गोंद लावून सोडतात ना गं? मग पोरगी शिंकली तर चालेल ना?"

चालेल. शिंक, खोक, हस, जावईबापूंवर ओरड. आम्ही त्याला गोंद म्हणतो, पण तो एक दाटसर द्रव असतो. गर्भ सोडण्याआधी थोडा वेळ त्यात ठेवतो, म्हणजे अस्तराशी टेकायला त्याला सोपं जावं असा हिशेब.

यावेळी आणखी एक करायचंय, फट पाडायची, तेही सांगते. गर्भाभोवती पातळ कवच असतं आणि रुजायच्या आधी त्याला त्यातून बाहेर पडावं लागतं. गोठवून ठेवलेल्याचं कवच कधीकधी चिवट होतं. मग आम्ही लेसरनं त्याला बारीकशी फट पाडतो, बिस्किटाच्या पुड्याचा कोपरा आधीच फाडून ठेवावा तशी. फट पाडली की रुजतोच, असं मी कुणालाही सांगत नाही. काहींना उपयोग होतो. तुझा हा गोठवलेल्यांतला शेवटचा आहे, म्हणून मीच डॉक्टरांना म्हटलं, करूया.

आता आईचा खरा निरोप. "ताईनंच करावं. तिच्या हाताला गुण आहे."

हे शब्द तुझे की आईचे, ते मी विचारलं नाही.

हे मला लॅबमध्ये सारखं ऐकायला मिळतं. बायका बाळाला घेऊन भेटायला येतात, माझे हात हातात घेतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. काम मला येतं. या शहरात इतका सफाईदार हात असलेली माणसं फार नाहीत, हे मी नम्रपणा बाजूला ठेवून सांगते.

म्हणूनच मागच्या वेळी तुझं मी केलं. कुठंही काही चुकलं नाही. गर्भ देखणा होता, अस्तर छान होतं, हात एकदाही अडखळला नाही. तरी रुजला नाही. असं होतं, आणि दरवेळी का होतं ते कुणालाच धड माहीत नाही.

त्यानंतर तू आमच्याकडे जेवायला आलीस. मी वाढत होते आणि तू माझ्या हातांकडे बघत होतीस. तेव्हापासून तुझी खुशाली आईमार्फत येते. मला तुझा राग आला होता, आणि रडूही आलं होतं, सांगून टाकते. त्या दिवशी तुला बहीण हवी होती, आणि समोर होती ती लॅबवाली बाई.

म्हणून यावेळी मी करणार नाही. मास्तर करतील. लॅबमधले माझे जोडीदार, पूर्वी कॉलेजात शिकवायचे. खात्री करायला तुला तुझं नाव दोनदा विचारतील, तेही असं दरडावून की भल्याभल्या बायका स्वतःचं नाव विसरतात. तू घाबरू नकोस. त्यांचं काम माझ्या तोडीचं आहे, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कधीच म्हणणार नाही.

मी भिऊन मागं सरतेय असं समजू नकोस. पण गुण हाताचा मानला की दोषही हाताचाच मानावा लागतो, आणि तुझ्या बाबतीत मला दोन्ही नकोत. गर्भ सोडताना मी तुझ्या उशाशी उभी असेन, घरच्या कपड्यांत. डॉक्टरांना तसं सांगितलंय. तू भांडलीस तरी मी हलणार नाही.

रक्ताचा रिपोर्ट एरवी आधी माझ्या टेबलावर येतो. तुझा तिथं येणार नाही अशी व्यवस्था केलीय. तो तुझ्याकडेच येईल, तूच उघड. बातमी चांगली असली तर आईला आधी सांग, ती बिचारी कधीची वाट बघतेय. मला उशिरा कळलं तरी चालेल.

नसली, तर आईला सांगणं राहू दे. तेव्हा पहिला फोन मला कर.

तुझी
ताई