गौताळ्याचं डावं वळण

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

पुण्याचा इंद्रजीत गाडी बघून गेला. जुन्या दुर्मिळ गाड्या जमवतो. माझी निसान पल्सर जीटीआय-आर. या गावात पल्सर म्हटलं की लोक बाईक समजतात, त्यांना समजावणं मी कधीच सोडलं. रॅलीच्या शर्यतीत उतरवायची म्हणून कंपनीनं मोजक्याच बनवलेली छोटी हॅचबॅक, चारही चाकांना जोर. वाळूजला आमच्या कारखान्यात आलेला एक जपानी इंजिनिअर परत जाताना मला देऊन गेला होता.

वीस मिनिटं गाडीखाली पडून होता पोरगा. उठून म्हणाला, "काका, अशा गाडीत पत्र्यापेक्षा इतिहास महत्त्वाचा. नव्याण्णवच्या रॅलीचं सगळं लिहून द्या, सहीनिशी. अपघातासकट. शेजारी बसून रस्ता सांगणारे नेव्हिगेटर हयात आहेत?"

म्हटलं, माहीत नाही.

माहीत आहे. सोयगावला आहे.

३ नोव्हेंबर

लिहायला बसलो. तीन ओळी झाल्या. फाडल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

इथं तरी लिहावं.

मुंजाबा कारखान्यात माझ्या हाताखाली फिटर होता. बजाजनगरला खोली करून राहायचा. मेंढपाळाचा मुलगा — एकदा पायाखालून गेलेला रस्ता विसरायचा नाही. म्हणून त्याला शेजारी घेतलं. वही मांडीवर, प्रत्येक वळण येण्याआधी सांगायचं, हे त्याचं काम.

गौताळ्याचा घाट, सकाळचे अकरा. तो म्हणाला, "डावं. पुढं आवळतंय. दुसरा गिअर." म्हणजे वळण पुढं जास्तच वळतं, वेग आधीच उतरवा. स्पष्ट म्हणाला. मी ऐकलं. तिसऱ्यातच ठेवली — दोन-चार सेकंद वाचतील म्हणून.

गाडी बाहेर फेकली गेली. तिथं दगडावर मुंजाबाचा धाकटा भाऊ फकिरा उभा होता. भावाला बघायला मुद्दाम आला होता. जागीच गेला.

मुंजाबाचा पाय मोडला, डोक्याला मार लागला. अठरा दिवस बेशुद्ध. तो शुद्धीवर येईपर्यंत मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं — मुंजाबा 'उघडं वळण' म्हणाला, म्हणजे वेग न उतरवता घेता येणारं. पोलिसांत अपघात म्हणून नोंद झाली. पुन्हा कुणी विचारलं नाही.

गाडी मी अकरा वर्षं खपून सरळ केली. मुंजाबाकडं एकदाही गेलो नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सोयगावला जाऊन आलो. बसनं.

मुंजाबा अंगणात बाजेवर बसला होता. काठी शेजारी. ओळखलं लगेच. उठायला लागला, मी खांद्याला धरून बसवलं. त्याची मुलगी योगिनी, शाळेत शिकवते, तिनं चहा आणला.

"गाडी हाय का अजून, सायेब?"

"आहे."

"बरं झालं. तिचा काय दोष."

 मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "मला त्या दिवसाचं कायबी आठवत नाय. तुमी सांगितलं तेवढंच ठावं. मी उघडं म्हनलो. कसं म्हनलो आसंन? सव्वीस वर्षं तेच घोळतंय डोक्यात. माझ्या तोंडानं माझा भाऊ गेला."

आणि त्यानं माझ्यापुढं हात जोडले. "तुमाला बी लई तरास झाला माझ्यापायी."

इतकी वर्षं मी समजून होतो, त्याला सगळं आठवतंय आणि माझ्या भिडेपोटी तो गप्प आहे. तेही मला चाललं होतं.

चहा प्यायलो. बस पकडून परत आलो. एक अक्षर बोललो नाही.

१० नोव्हेंबर

बायकोला, कालिंदीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. "म्हणजे मी त्या माणसाला इतकी वर्षं मनातल्या मनात बोल लावत होते," एवढंच म्हणाली. जेवायला वाढलं. स्वतः जेवली नाही.

१३ नोव्हेंबर

इतिहास लिहिला. खरा. सही केली. इंद्रजीतला पाठवला. दुपारी त्याचा फोन — "काका, मला विचार करू द्या."

गाडीचं काय व्हायचं ते होवो.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा सोयगाव. या वेळी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर राहून गेलं असतं.

"मुंजाबा, तू 'आवळतंय' म्हणाला होतास. मी ऐकलं होतं. मीच वेग कमी केला नाही. नंतर खोटं बोललो."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "परत म्हना."

परत म्हटलं.

"दुसरा गिअर बी म्हनलो व्हतो?"

"हो."

"सोताच्या कानानं ऐकलं तुमी?"

"हो, मुंजाबा."

शिवी देईल, काठी उचलेल, असं वाटलं होतं. उचललीच काठी. तिच्यावर भार देऊन उठला आणि मेंढ्यांच्या वाड्याकडं चालत गेला. वळून बघितलं नाही. योगिनी दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. म्हणाली, "तुम्ही निघा आता."

१८ नोव्हेंबर

इंद्रजीतला गाडी नको. कालिंदी अजून कामापुरतंच बोलते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

योगिनीचा फोन आला. आवाज शांत. म्हणाली, "फकिराकाका गेल्यापासून आजी आबांशी एक शब्द बोलली नाही. एका घरात राहून सव्वीस वर्षं. शेवटचं पाणीसुद्धा त्यांच्या हातून घेतलं नाही. या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली ती." पुढं म्हणाली, "तुम्ही सांगून गेल्यापासून आबा रोज तिच्या फोटोसमोर बसतात. एकच बोलतात — आये, मी बरोबर सांगितलं व्हतं."