आचाऱ्याच्या घरचे कच्चे डबे

अहो,

सायलीकडे आजपासून भाताची लावणी आहे आणि आपल्या नातीला सांभाळायला घरात कुणी नाही. म्हणून मी घोटीला निघाले. तुम्ही बारशाच्या स्वयंपाकावरून येईपर्यंत थांबले असते, तर एसटी चुकली असती.

तुमच्या कच्च्या खाण्याची सोय केली आहे. मूग-मटकी फडक्यात बांधलेत, उद्या मोड येतील. शेंगदाणे भिजत घातलेत. पंचवटीच्या बाजारातून काकड्या, गाजरं, टोमॅटो आणलेत. खोवलेलं खोबरं आणि मनुका फ्रिजमध्ये आहेत. निळ्या झाकणाच्या डब्यातलं जवस मात्र खाऊ नका. भरण्याआधी सवयीनं हात कढईकडे गेला आणि मी ते भाजून बसले! पुन्हा जाऊन कच्चं आणलं, ते पिवळ्या डब्यात आहे.

एक सांगायचं राहिलं. परवा भरली वांगी मी मुद्दाम केली होती. म्हटलं, तीस वर्षं पंगती जेवू घालणारा माणूस मोडांवर किती दिवस काढेल, बघूच. डॉक्टरांनी दोनदा बजावूनही मला चहातली साखर सुटत नाही, आणि तुम्ही समोर बसून शांतपणे काकडी चावत होता. वर म्हणालात, "वास मस्त सुटलाय, पण मीठ थोडं कमी पडलंय."

असा राग आला मला! तुम्ही उठल्यावर चाखून पाहिलं. खरंच कमी होतं.

रविवारी परत येते. शनिवारी मूग दोघांपुरते भिजवा.

लंका